भागूबाईची साक्ष

तिचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्या जगासाठी ती भागूबाई. कामाला लागली त्याच आठवड्यात शेजारणीच्या हातून कात्री फरशीवर पडली आणि ही स्टुलावरून अशी उडाली, की शेजारीण म्हणाली, "अगंबाई, ही तर भित्री भागूबाई!" झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे नवऱ्याच्या तोंडूनही तेच निघायला लागलं.

भीती तरी किती प्रकारची असावी! सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं की ती ते दोन दिवस फोडायची नाही. फोन वाजला की दुसऱ्या कुणालातरी उचलायला सांगायची. रस्ता ओलांडायचा तर आधी उजवीकडे बघायची, मग डावीकडे, परत उजवीकडे, आणि शेवटी कुणीतरी धीट माणूस निघाला की त्याच्या पाठीला चिकटून पलीकडे जायची. नवरा शाळेत शिपाई होता, स्वभावाने थट्टेखोर. तो म्हणायचा, "आमची ही घरी पोचायच्या आधी हिची भीती पोचते आणि चहाचं आधण ठेवते." मुलगी हसायची. भागूबाईही हसायची. घरात कुणी मुद्दाम तिला दुखवत नव्हतं.

या भीतीचं मूळ तिच्या वडिलांपर्यंत जात होतं. ते चर्चच्या कमिटीत होते, कडक शिस्तीचे. पोरीच्या हातून दूध सांडलं तरी बोट वर करून म्हणायचे, "तो बघतोय हां!" आणि मग तिला भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवायचे, ते त्यांना आठवण होईपर्यंत. वडील गेले, पण ते बोट काही खाली आलं नाही. तिच्या मनातला देव हुबेहूब वडिलांसारखा होता, फक्त त्याला कधी झोप लागत नसे. दर रविवारी ती चर्चला जायची. न चुकता. शेवटच्या बाकावर, दाराच्या जवळ बसायची आणि प्रार्थनेत दरवेळी एकच मागायची: आमच्याकडे लक्ष जाऊ नये.

कारखाना गाद्यांचा होता. तळमजल्यावर गोदाम, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर फोम कापायचा आणि चिकटवायचा, तिसऱ्यावर खोळी शिवायच्या. तिसऱ्या मजल्यावर छत्तीस मशिनं, दोन रांगांत. भिंतीला लागून फोमचे ताव छतापर्यंत रचलेले, आणि चिकटद्रव्याचा असा वास की नवीन आलेल्या बाईचं पहिले चार दिवस डोकं ठणकायचं. मग वास यायचाच बंद व्हायचा. पुढे मोठा जिना होता. मागच्या टोकाला एक लोखंडी दार, आणि दारापलीकडे इमारतीच्या अंगाला लावलेला उघडा जिना, थेट मागच्या आवारात उतरणारा.

ते दार आधी उघडं असायचं. मग कापडाचे तुकडे कमी भरायला लागले, म्हणून सुपरवायझरने दाराला कुलूप बसवून घेतलं. आतून उघडा नाहीतर बाहेरून, चावी लागायचीच. एक चावी तळमजल्यावरच्या त्याच्या टेबलाच्या खणात, दुसरी भागूबाईकडे. रोज दार लावायचं कामही तिचंच.

"हिच्याकडेच बरी," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "हिच्यात चोरायची हिंमत नाही आणि कुणाला द्यायचीही नाही."

बायका खिदळल्या. भागूबाईने चावी ॲप्रनच्या खिशात टाकली. दार बंद असू नये, हे तिला तेव्हाच वाटलं होतं. बंद खोलीची धास्ती तिच्याइतकी कुणाला असणार? पण साहेबाला तोंड वर करून सांगायचं कसं, ही धास्ती त्याहून मोठी निघाली.

मागच्या टोकाच्या मशीनवर एक मुलगी बसायची. विशी नुकती ओलांडलेली, कमरेखाली जाणारी वेणी. वेणी मशीनच्या पट्ट्यात जाऊ नये म्हणून ती रोज ॲप्रनच्या आत खोचून ठेवायची. सगळ्या तिला वेणीच म्हणायच्या. बडबडी होती. सुपरवायझर चालतो कसा, रागावला की घसा कसा खाकरतो, याची ती अशी नक्कल करायची की बायकांच्या हातातला दोरा तुटायचा. एकदा उकाड्याने जीव कासावीस झाला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, उघडा ना ते दार. जरा वारा येईल."

"साहेब ओरडतील गं."

"ओरडू दे की. ओरडून ओरडून घसा बसेल, दोन दिवस शांतता."

भागूबाईने दार उघडलं नाही.

आग लागली ती जेवणाच्या सुट्टीनंतर. भागूबाई दोऱ्याची रिळं आणायला गोदामात उतरली होती. दुसऱ्या मजल्यावर कसलीशी ठिणगी पडली आणि फोमने पेट घेतला. फोम जळताना ज्वाळा कमी आणि धूर फार, काळा, दाट. मोठा जिना दोन मिनिटांत धुराने भरला. पुढच्या बाजूच्या बायका खोकत, पडत-धडपडत खाली आल्या. ओरडाआरडा झाला, सगळे रस्त्याकडे धावले.

भागूबाई गोदामाच्या मागच्या दाराने आवारात आली. तिथे कुणी नव्हतं. तिच्यासमोर तो उघडा जिना होता. स्वच्छ, रिकामा, त्यावर धुराचा मागमूसही नाही. आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी दारावर कुणीतरी आतून थापा मारत होतं.

तिचा हात खिशात गेला. चावी मुठीत आली. पाय उचलला असता तर तीन मजले चढायला मिनिटभर लागलं असतं. पाय उचललाच नाही. ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी राहिली. नजर त्या दारावरून हलेना. थापा आधी जोराच्या होत्या, मग उलटसुलट, मग एकाच हाताच्या. मग थांबल्या. तीन-चार मिनिटं झाली असतील.

बंबवाल्यांनी दार फोडलं तेव्हा दारापाशी पाच जणी होत्या. वेणी त्यांच्यात होती.

भागूबाईला आवारात उभं असलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपरवायझर घरी आला. कधी आला नव्हता तो. चहा घेतला, नवऱ्याची चौकशी केली, मुलीची केली. मग म्हणाला, "चावी?"

तिने डब्यातून काढून दिली. त्याने ती पेन ठेवावं तशी शर्टाच्या खिशात ठेवली.

"हे बघ, चावी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची. रोज. बायकांनी घाबरून गोंधळ घातला, त्यांना दिसली नाही. एवढंच सांगायचं. बाकीच्यांशी बोललोय मी. सगळ्यांना नव्या जागेत काम मिळणार आहे."

"पण खिळा तर तिथे…"

"राखेत खिळा कोण शोधत बसणार?" तो उठला. "आणि नीट विचार कर. दार बंद कुणी केलं म्हणून विचारलं, तर चावी कुणाकडे होती?"

तिने जबानी दिली. पोलिसाने लिहून घेतली, वाचून दाखवली, तिने सही केली. सही दोनदा चुकली, तेव्हा पोलीस उलट सहानुभूतीने म्हणाला, "बसा बाई, पाणी घ्या. मोठ्या संकटातून वाचलात."

त्यानंतर भीती तिच्या घरात ठाण मांडून बसली. आधीची भीती घटकाभर यायची, जायची. ही उठायचं नाव घेईना. दारावर कुणी टकटक केली की ती मोरीत जाऊन कडी लावायची. मुलीने तर घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, की दार वाजवायचं नाही, हाक मारायची. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं तबक तिच्यापर्यंत आलं की ती न घेता पुढे सरकवायची. तिला वाटायचं, हे तोंडात घातलं आणि जागच्या जागी काही झालं तर? एकदा, दोनदा, तीनदा.

चर्चच्या पाळकाने ते पाहिलं. म्हातारा माणूस, एका गुडघ्याने लंगडणारा, चर्चच्या मोडक्या खुर्च्या स्वतःच ठोकत बसणारा. तो एके दिवशी दुपारचा घरी आला आणि काही न विचारता स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून वाटाणे सोलू लागला. अर्धी टोपली झाली तेव्हा तिनेच तोंड उघडलं.

"पाळकसाहेब, देव एखाद्याच्या मागे लागतो का हो?"

"लागतो की." तो शेंगेवरची नजर न काढता म्हणाला. "मी सहा वर्षांचा असताना बाजारात हरवलो होतो. हातात तेलाची बाटली दिली होती आईने, ती मी फोडली. आई हाका मारत सगळा बाजार पालथा घालत होती, आणि मी पोत्यांच्या मागे तोंड दाबून बसलो होतो. ती जवळ आली की मी आणखी आत सरकायचो. मारेल म्हणून."

"मग?"

"सापडलो शेवटी."

"मारलं?"

"एक ठेवून दिली. आणि उचलून घेतलं. खोटं कशाला सांगू, दोन्ही झालं. पण बाई, ती बाटली शोधत नव्हती."

तो गेल्यावर सोललेले वाटाणे तसेच राहिले.

आणखी दोन आठवड्यांनी वेणीची आई आली. टकटक केली नाही, उंबऱ्यातून हाक मारली. बारीक बाई, कपडे धुऊन धुऊन हातांची कातडी पांढरी पडलेली. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला टेकली.

"तुम्ही तिच्या मावशी ना? ती सांगायची. मावशी फार घाबरतात, पण डब्यातलं नेहमी वाटून देतात म्हणायची." ती थांबली. "मला एकच विचारायचं होतं. चावी दाराशेजारीच होती, असं तुम्ही सांगितलंत ना?"

भागूबाईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही.

"मग तिला का दिसली नाही हो? चार वर्षं बसत होती त्या दाराशी. माझी मुलगी एवढी बावळट नव्हती. तिचे वडील आता म्हणतात, पोरीला अक्कल असती तर पाच जणी वाचल्या असत्या. रोज म्हणतात. मी म्हटलं, तुम्हाला विचारून बघावं. अंधार होता का? खिळा फार उंच होता का?"

खिळा उंच होता का! भागूबाईने उठून पाण्याचा पेला पुढे केला. वेणीच्या आईने थोडा वेळ वाट पाहिली, पाणी प्यायली, पेला स्वतःच विसळून पालथा घातला आणि "तुम्हालाही त्रास झाला, माफ करा," म्हणून निघून गेली. तिने माफी मागितली होती. भागूबाई तो पालथा पेला तसाच ठेवून उठली.

तिथून ती चपला न घालता निघाली, ती चर्चमध्ये. आडवारी, भर दुपारी चर्च रिकामं होतं. बाजूच्या खोलीतून हातोडीचा आवाज येत होता. पाळक खुर्ची ठोकत असावा. ती आज शेवटच्या बाकावर बसली नाही. बसायला सुचलंच नाही. मधल्या वाटेत उभी राहून, पाठ केलेली एकही प्रार्थना न म्हणता, ती मोठ्याने बोलली.

"चावी माझ्याकडे होती. दार मी लावलं. मी जिन्यापाशी उभी होते. त्या थापा मारत होत्या, मी ऐकत होते. मी गेले नाही."

आणि ती थांबली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आता होणार, म्हणून तिने खांदे आवळून घेतले. काहीच झालं नाही. वर पंखा मंद फिरत होता. बाजूची हातोडी थांबली होती. ती पुन्हा बोलली, तेच, आणखी तपशिलाने. थापा कशा कमी होत गेल्या तेही सांगितलं. सांगता सांगता तिला जाणवायला लागलं की कुणीतरी ऐकतंय. बोट वर करून नव्हे. कुणीतरी सगळं ऐकून घेतलं आणि उठून गेलं नाही. तिला हेही उमगलं की त्याला हे आधीपासून माहीत होतं, त्या दुपारपासून. माहीत असूनही रोज सकाळी त्याने तिला उठवलं होतं, तिच्या नवऱ्याच्या थट्टा चालू ठेवल्या होत्या, म्हाताऱ्याला वाटाणे सोलायला पाठवलं होतं. ती फरशीवर बसली आणि रडली. नऊ वर्षांची असताना भिंतीकडे तोंड करून जे रडणं दाबलं होतं, तेही त्यात आलं.

पाळक दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं, आणि ऐकलं हे लपवलं नाही. लंगडत येऊन तो तिच्या शेजारी, तिच्यासारखाच फरशीवर बसला. त्या गुडघ्याने त्याला ते बसणं सोपं नव्हतं.

डोळे पुसून तिने विचारलं, "माझं ऐकलं त्यानं. त्यांचं का नाही ऐकलं? त्या पण हाका मारत असतील."

"मला माहीत नाही," पाळक म्हणाला. "तीस वर्षं लोक मला हे विचारतात. मला माहीत नाही. एवढंच सांगतो. येशू क्रूसावर श्वास कोंडूनच मेला. बाहेर उभं राहून बघणारा देव नाही तो. दाराच्या आतल्या बाजूला होता, एवढा माझा विश्वास आहे."

"बाहेर मी होते."

"हो." त्याने ते गोड करून सांगितलं नाही. मग म्हणाला, "आणि तो तुमच्याकडेही आलाय. आता काय करणार?"

त्या संध्याकाळी तिने घरी सांगितलं. मुलगी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसायची. नुकतीच परतली होती. ऐकून ती पिसाळली.

"आता बोलणार? आता? सगळं निवल्यावर? तुला आत टाकतील, आई! लोक मला खिडकीत येऊन बघून जातील. आयुष्यभर घाबरलीस, आता आमच्या जिवावर शूर होतेस?"

यातलं शेवटचं वाक्य भागूबाईला लागलं, कारण ते सगळंच खोटं नव्हतं. "तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण त्या मुलीची आई खिळ्याची उंची विचारत फिरतेय गं."

मुलगी आत गेली आणि दार आपटलं. भागूबाई दचकली. नवरा इतका वेळ जमिनीकडे बघत बसला होता. थट्टा त्याला सुचत नव्हती. शेवटी उठला, शर्ट अडकवला होता तो काढून झटकला.

"उद्या शाळेत रजेचा अर्ज देतो," तो म्हणाला. "एकटी कुठे जाऊ नकोस. रस्ता कोण ओलांडून देणार तुला?"

पोलिसांकडे जायच्या आधी ती वेणीच्या आईकडे गेली. पाळकाने सांगितलं होतं, की माफी मागायला जाऊ नका, खरं सांगायला जा. माफी त्यांच्यावर लादू नका. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. वेणीची आई दाराची चौकट धरून ऐकत होती.

"किती वेळ उभ्या होतात?"

"तीन-चार मिनिटं."

"ती काही बोलत होती? हाक मारत होती?"

"शब्द ऐकू येत नव्हते. फक्त थापा."

आईने तिच्या तोंडात मारली. मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली. "जा," म्हणाली. "जा तुम्ही." आतून वेणीच्या वडिलांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. आणि दार लागता लागता भागूबाईने ऐकलं, आई त्यांना ओरडून सांगत होती, "चावी नव्हती तिथे! ऐकलंत? नव्हतीच!"

चौकशी तीन महिने चालली. सुपरवायझर आधी समजूत घालायला आला, मग धमकवायला. चौकशीच्या कचेरीच्या फाटकाशी तिला गाठून म्हणाला, "तुझी मुलगी कुठल्या खिडकीत बसते, माहीत आहे आम्हाला." पूर्वीची भागूबाई तिथेच कोसळली असती. आताही तिने फाटकाचा गज घट्ट धरला. ती मनात एवढंच म्हणाली, प्रभू, तू आहेस ना? आणि तोंडाने म्हणाली, "साहेब, हे पण मी उद्या आत सांगणार आहे." सांगितलंही. त्यानंतर तो मुलीच्या वाटेला गेला नाही.

साक्षीच्या दिवशी मालकाच्या वकिलाने तिला बराच वेळ घोळवलं. शेवटी तो बाकांकडे वळून हसत म्हणाला, "बाई, तुम्हाला सगळे भागूबाई म्हणतात ना? भित्री भागूबाई?"

"हो."

"मग अशा घाबरट बाईच्या आठवणीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"घाबरट होते म्हणून तर खोटं सांगितलं," ती म्हणाली. "खरं सांगायला आज आलेय."

खोलीत मागे कुणीतरी हुंदका दिला. त्या दिवसानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या आणखी दोन बायका पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या जबान्या बदलल्या. एकीने तर आगीनंतर साहेबाने भिंतीत खिळा ठोकायला कुणाला सांगितलं होतं, तेही सांगितलं.

पुढे खटला उभा राहिला. निकाल लागला तो असा. सुपरवायझरला चार वर्षं. मालकालाही दोषी ठरवलं, त्याने वरच्या कोर्टात दाद मागितली. तो खटला अजून चालू आहे आणि दुसऱ्या नावाने त्याचा कारखानाही. भागूबाईला निष्काळजीपणा आणि खोटी जबानी, दोन्ही मिळून दीड वर्ष. न्यायाधीशाने विचारलं, काही सांगायचंय का. ती म्हणाली, "नाही. बरोबर आहे."

तुरुंगात तिला धोबीखान्यात काम दिलं. वाफ, ओल्या चादरी, साबणाने फाटलेली बोटं. कोठडीत आणखी पाच बायका, त्यातली एक कायम भांडणारी, तिने पहिल्याच दिवशी हिचं ताट लाथेने उडवलं. थंडीत भागूबाईला खोकला जडला तो जडलाच. भांडं पडलं की ती तिथेही दचकायची. बायका हसायच्या, आणि कसं कोण जाणे, तिथेही आठवड्याभरात तिला भागूबाई म्हणू लागल्या. अंगात मुरलेलं ते अंगातच राहिलं. गेली ती दुसरी भीती. वरून कुणीतरी टपून बसलंय, आज ना उद्या पकडणार, ही. ज्याला पकडायचं होतं त्याने पकडलं होतं, आणि त्याच्या हातात आपण सुरक्षित आहोत हे तिला लख्ख कळलं होतं. महिन्यातून एकदा पाळक यायचा. त्याने पहिल्यांदा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस पुढे केला, तेव्हा तिने हात मागे घेतला नाही. वर्षाच्या शेवटी पाळक यायचा थांबला. गुडघ्याचं दुखणं वाढून तो अंथरुणाला खिळला आणि तिच्या सुटकेआधीच गेला. ते तिला कळलं तेव्हा ती चादरी पिळत होती. पिळतच राहिली. त्या दिवशी तिने प्रार्थना केली नाही, फक्त "तू आहेस ना?" एवढंच दहा वेळा म्हणाली.

मुलगी पहिले सात महिने भेटायला आली नाही. आठव्या महिन्यात आली, जाळीपलीकडे बसली, आणि दहा मिनिटं नुसती दवाखान्यातल्या कामाबद्दल बोलत राहिली. उठताना म्हणाली, "खोकल्याचं औषध पाठवते. घ्यायचं वेळेवर." भागूबाईला तेवढं पुरलं.

सुटून आल्यावर तिला शिवणकाम कुणी दिलं नाही. एका वृद्धाश्रमात फरशा पुसायचं काम लागलं. मग एक दिवस, सुटकेला सहा-सात महिने झाले असतील, वेणीच्या आईचा निरोप आला. येऊन जा.

ती गेली. नवरा कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. या वेळी आईने आत घेतलं. वेणीचे वडील आदल्या वर्षी वारले होते. खोलीत शिवणयंत्र होतं, झाकलेलं. दोघी समोरासमोर बसल्या. आई म्हणाली, "तुम्हाला माफ करायला बोलावलं नाही. मला ते जमत नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही."

"तुम्ही करावं असं मी म्हणणार नाही."

"मग ऐका. ती चार वर्षं सकाळी जायची, संध्याकाळी यायची. मधली तिची चार वर्षं मला माहीतच नाहीत. तिथल्या बाकीच्या बायका मला टाळतात. तुम्ही सांगा. तिथे कशी होती ती? काय करायची?"

भागूबाईने पदराने तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. वेणी सकाळी आल्या आल्या मशीनला तेल घालायची ते, डब्यातली भाजी आवडली नाही तर सगळ्यांच्या डब्यांवरून कशी फिरून यायची ते, साहेबाची नक्कल करताना साहेबच मागे येऊन उभा राहिला होता तो दिवस. घसा खाकरून दाखवायचा तिने प्रयत्न केला, पण खोकल्याची उबळ आली. वेणीच्या आईने उठून पाणी दिलं. "हं," ती म्हणाली. "मग साहेब काय म्हणाला?"

भागूबाई आता महिन्यातून दोनदा जाते. सांगण्यासारखं फार उरलं नाही, म्हणून कधी कधी तेच परत सांगते. वेणीची आई मध्येच दुरुस्त करते, "मागच्या वेळी तुम्ही निळा ॲप्रन म्हणाला होतात." एखाद्या दिवशी तिला ऐकवत नाही, ती हाताने खूण करते, आणि भागूबाई गप्प बसते. मग दोघी ओळीत वाळलेले लोकांचे कपडे काढून घड्या घालत बसतात, परत जायची वेळ होईपर्यंत.